मे महिन्यातला जेट, डिसेंबरातला पिस्टन: घरी बनवलेल्या सायलेन्सरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रस पट्ट्यातलं एक गाव. एसटी थांब्याजवळ वेल्डिंगचं दुकान आहे. वखराच्या पासा, डवरे, ट्रॉलीचे हूक, घरांची गेटं अशी कामं तिथं चालतात. दुकान एका मिस्त्रींचं. त्यांचा पुतण्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या ट्रेडला माझ्याकडे शिकत होता. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावाचं आणि कुणाचंच नाव घेत नाही. बाकी सगळं जसं घडलं तसं लिहिलं आहे.

गाडी यामाहा आरएक्स १००. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ७,५०० आरपीएमला ११ हॉर्सपॉवर. भारतात ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात बनली. ही जी होती ती पोराच्या आजोबांनी कापसाच्या पैशातून घेतलेली. कंपनीचा ऑइल पंप कधीच काढून टाकलेला, पेट्रोलमध्येच लिटरला ४० मिली टू-टी ऑइल मिसळून चालवायचे. सायलेन्सर खालून गंजून चाळणी झालेला आणि आत कार्बनचा थर एवढा, की गाडी चाळीसच्या वर दम धरत नव्हती.

दुसरा सायलेन्सर विकत आणता आला असता. पण पोराच्या हाताला गॅस वेल्डिंगची चांगली सवय होती आणि त्याला स्वतः करून पाहायचं होतं. ही इच्छा मला मनापासून आवडली. आजही आवडते. पुढे जे बिघडलं ते वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

पहिला पाइप

मला न विचारता त्यानं मार्चमध्ये पहिला पाइप बनवला. मापं मोबाइलवरच्या एका व्हिडिओतून घेतली. पत्रा जुन्या कूलरचा. आमच्याकडे प्रत्येक घरामागे एखादा मोडका कूलर पडलेला असतोच, त्यामुळे पत्रा फुकट. पण कूलरचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पोलाद वितळायला दीड हजाराच्या आसपास तापमान लागतं. म्हणजे जोड लागायच्या आधीच जस्ताचा पांढरा धूर नाकात. दिवसभर दुकानाचं शटर अर्धं ओढून त्यानं काम केलं आणि रात्री हुडहुडी भरून ताप आला. घरच्यांना मलेरिया वाटला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप उतरला. जस्ताच्या धुराचा ताप असाच येतो आणि असाच जातो, पण म्हणून तो हलक्यात घ्यायचा नाही. मिस्त्रींना धुराची भीती ठाऊक होती, फक्त त्या दिवशी ते दुकानात नव्हते.

पाइप लागला, गाडी सुरू झाली, आवाज अर्ध्या गावात गेला. पोरगा फोनवर म्हणाला, "सर, गाडी मोकळी झाली, पण खालून उचलतच नाई. वर गेली की एकदम पळते."

मी रविवारी गेलो.

अडचण नेमकी कुठे होती

टू-स्ट्रोकचा पाइप नुसता धूर बाहेर काढायला नसतो. विहिरीत तोंड घालून हाक मारली की ती परत येते ना, तसंच इथं होतं. एग्झॉस्ट पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधून जळका वायू बाहेर सोडणारं तोंड, उघडलं की दाबाची लाट पाइपमधून धावत सुटते. पाइप जिथं रुंद होत जातो तिथून ती ओढ होऊन परत येते आणि सिलिंडरमधला जळका वायू खेचून घेते. या ओढीत थोडं ताजं मिश्रणही पाइपमध्ये उतरतं. पुढे पाइप जिथं परत निमुळता होतो तिथून लाट दाब होऊन उलटते आणि पोर्ट बंद व्हायच्या आत ते ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलून देते. सगळा खेळ वेळेचा. लाट लवकर आली तरी फुकट, उशिरा आली तरी फुकट.

म्हणून पाइपची लांबी आरपीएमवर ठरते. गरम वायूत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ५१० मीटर धरला, तर लांबी मीटरमध्ये अशी निघते: ५१० गुणिले पोर्ट उघडं राहण्याचे अंश, भागिले आरपीएमची बारापट. ही लांबी पिस्टनच्या तोंडापासून मागच्या निमुळत्या कोनाच्या साधारण मध्यापर्यंतची.

पोर्टचे अंश कुठून आणायचे? पोरानं कंपास पेटीतले दोन कोनमापक चिकटवून पूर्ण चकती केली, मॅग्नेटोच्या नटावर बसवली आणि सायकलच्या ताराचा काटा केला. पिस्टन वरच्या टोकावरून ९१ अंश खाली आला की पोर्टची कड उघडत होती. म्हणजे पोर्ट उघडं राहतं दोन गुणिले ८९, एकूण १७८ अंश. तीन वेळा मोजलं, तीनदा तेच आलं. आयटीआयच्या दोन वर्षांत त्याला इतका खूश मी पाहिला नव्हता.

मग हिशेब मांडला. व्हिडिओतला पाइप १०,००० आरपीएमला लावलेल्या रेसच्या इंजिनासाठी होता. तिथं लांबी येते ७६ सेंटिमीटर. आपल्या इंजिनाचे पोर्ट, कार्बोरेटर, सगळं ७,५०० च्या आसपास श्वास घेणारं. पाइप मदत करणार तिथवर इंजिन धडपणे पोचतच नाही, आणि जिथं ते रोज चालतं तिथं हाच पाइप उलट अडवतो.

दुसरा दोष मला त्याहून धोक्याचा वाटला. पाइपच्या शेवटी धूर बाहेर पडायला त्यानं अर्धा इंची नळाचा तुकडा जोडला होता. आतलं भोक १६ मिलिमीटर. ३६ मिलिमीटरच्या हेडरला, म्हणजे पोर्टला लागून असलेल्या पहिल्या नळीला, हे फार लहान. या शेवटच्या नळीचा व्यास हेडरच्या सहा दशांशाच्या आसपास असावा लागतो. त्याहून बारीक केली की पाइपमधला दाब आणि उष्णता दोन्ही तुंबतात आणि ते सगळं पिस्टनच्या डोक्यावर येतं.

कोणते पर्याय होते

मिस्त्रींचं मत सरळ होतं: "पोट्ट्यानं पत्रा वाया घालवला माहा. जुना सायलेन्सर कापू, आतला कार्बन जाळू, खालून पट्टी मारू, झालं." खर्च शून्य आणि शेतात जायला पुरेसं. ते चूक नव्हते. पण पत्रा इतका खाल्लेला, की वेल्डिंगची ज्योत लागली की कड मागे सरकत जायची. तासाभरानं त्यांनीच तो कोपऱ्यात टाकला.

पोराला १०,००० चाच पाइप हवा होता आणि त्यासाठी पोर्ट घासून वाढवायची तयारी होती. याला मी साफ नाही म्हटलं. घासलेलं पोर्ट परत भरता येत नाही, आणि हे सिलिंडर आजोबांच्या गाडीचं.

मी स्वतः ६,५०० कडे झुकत होतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून, मागे फवारणीचा पंप बांधून जायचं तर ताकद खाली हवी. पण ६,५०० ला लांबी येते ११६ सेंटिमीटर. फुटरेस्टखालून वळवून तो पाइप मागच्या चाकाच्या पलीकडे जात होता.

शेवटी ७,५०० धरलं. १०१ सेंटिमीटर. इंजिनाच्या स्वभावाशी जुळणारं आणि गाडीत मावणारं. हा निर्णय योग्य होता, असं मला अजून वाटतं.

काय केलं

या वेळी पत्रा विकत आणला, एक मिलिमीटरचा साधा सीआर पत्रा, मुलाम्याशिवायचा. आर्कनं एवढ्या पातळ पत्र्याला भोकं पडतात, म्हणून सगळे जोड गॅसचे.

मापं अशी ठरली. पोर्टची वाट धरून हेडर ३५० मिलिमीटर. पुढे ३६ वरून ८२ व्यासाचा रुंद होत जाणारा कोन २५० चा. मग ८२ चं सरळ पोट ३०९. शेवटी ८२ वरून २२ वर येणारा कोन २०० चा, त्याचा मध्य १०० वर. बेरीज १,००९. शेवटची नळी पाऊण इंची पाइपची, आतून जवळपास २२. तिचंही जस्त टोकांवरून घासून काढलं, तेही उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून.

कोन पत्र्यावर कसा उतरवायचा हे पुष्कळांना अवघड वाटतं, म्हणून मोठ्या कोनाचा हिशेब देतो. व्यासातला निम्मा फरक २३. त्याचा आणि लांबी २५० चा कर्ण २५१. बाहेरची त्रिज्या म्हणजे २५१ गुणिले ८२ भागिले ४६, सुमारे ४४७. आतली त्रिज्या ४४७ वजा २५१, म्हणजे १९६. पंख्याचा कोन १८० गुणिले ८२ भागिले ४४७, सुमारे ३३ अंश. खिळा, सुतळी आणि खडू घेऊन हा पंखा आखता येतो. आम्ही आधी लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांवर कापून, चिकटवून पाहिला आणि मगच पत्र्याला कात्री लावली. गोल करायला व्हाइसमध्ये धरलेला लोखंडी पाइप आणि लाकडी हातोडा पुरला.

दोन गोष्टी दुसऱ्यांदा कराव्या लागल्या. पाइप चेसिसला सरळ नटबोल्टनं आवळला होता, तो हेडरच्या वळणाजवळ आठवड्यात तडकला. मग पुढे स्प्रिंग आणि मागे ट्रकच्या ट्यूबचं रबर घालून टांगला, त्यानंतर तडा नाही. आणि शेवटच्या नळीवर भोकाभोकाची नळी, भोवती काचलोकर, वर डबा असं आवाज मारणारं तुकडं बसवलं. आतली नळी मुद्दाम २२ च्या खाली येऊ दिली नाही. आवाज मारायला नळीत बोळा कोंबणारे मी पाहिले आहेत. तो बोळा इंजिनाच्या गळ्यात बसतो.

मे महिन्याच्या मध्यात ट्यूनिंगला बसलो. दुपारी ४४ अंश. गावाबाहेरच्या सरळ पट्ट्यावर टॉप गिअरला पूर्ण ॲक्सिलरेटर, मग क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद, आणि गाडी थांबवून प्लग खोलायचा. प्लगची चिनीमाती काळपट निघाली, म्हणजे पेट्रोल जास्त. मी मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा तुकडा, एक पायरी लहान लावायला सांगितला. परत धाव, परत प्लग. या वेळी बदामी, मधोमध हलकी विटकरी छटा. दोघांनी तो प्लग सावलीत नेऊन फिरवून फिरवून पाहिला. गाडी खालून उचलत होती आणि साठच्या पुढे ओढ जाणवत होती. मिस्त्रींनी एक चक्कर मारली आणि काही न बोलता चहा सांगितला.

मी घरी आलो. जेट कोणता, तापमान किती, हे माझ्या वहीत लिहिलं. गाडीवर काहीच लिहिलं नाही.

डिसेंबर

डिसेंबरात पहाटे पोरगा दिग्रसकडे निघाला होता, जिनिंगवर कापसाच्या गाडीचा नंबर लावायला. थंडी कडाक्याची, नऊ अंशांच्या आसपास. रस्ता मोकळा म्हणून त्यानं सात-आठ किलोमीटर मूठ पूर्ण पिळून ठेवली. सकाळी फोन आला: "सर, पिस्टन धरला. मांगचं चाक एकदम जाम झालं. क्लच दाबला म्हणून वाचलो."

क्लच दाबायचं हे त्याला कुणी शिकवलं होतं ते मला माहीत आहे, कारण मीच शिकवलं होतं. त्या फोननंतर बराच वेळ मी तेवढीच एक गोष्ट धरून बसलो.

संध्याकाळी सिलिंडर काढलं. पिस्टन हातात घेतला तर एग्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, वरपासून खालपर्यंत, ॲल्युमिनियम लोण्यासारखं फासलेलं, एक रिंग खाचेत चिकटलेली. दुसरी बाजू मात्र जवळजवळ स्वच्छ. प्लगची चिनीमाती पांढरीफटक, आणि उजेडात धरल्यावर तिच्यावर मिठाच्या बारीक कणांसारखे चकचकीत ठिपके. ते ठिपके म्हणजे पिस्टनच.

मिस्त्री म्हणाले, "ऑइल वाढवू ना सर. लिटरले ऐंशी मिली टाकू. कायले झंझट?" हा सल्ला गावोगाव देतात आणि तो फसवा आहे. जेटमधून जाणारं द्रव तेवढंच राहतं. त्यात ऑइल वाढवलं की पेट्रोल तेवढं घटतं, म्हणजे मिश्रण आणखी कोरडं होतं, हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन जास्त तापतं.

खरं कारण माझ्या वहीत होतं. मे महिन्यातले ४४ अंश आणि डिसेंबरातले ९ अंश. थंड हवा दाट असते, या फरकात सुमारे १२ टक्के जास्त दाट. कार्बोरेटर यातला निम्मा फरक आपोआप भरून काढतो, कारण दाट हवा पेट्रोलही थोडं जास्त ओढते. उरतात सहा टक्के, हवेच्या मानानं तेवढं पेट्रोल कमी. कंपनीच्या सायलेन्सरवर आणि कंपनीच्या जेटवर एवढं खपून जातं, ती मोकळीक त्यात आधीच ठेवलेली असते. आम्ही मे महिन्यात जेट लहान करून तीच मोकळीक काढून घेतली होती. वर पाइप असा, की ७,५०० च्या आसपास सिलिंडर आणखी भरतो आणि आणखी तापवतो. शिवाय पंपावर हल्ली २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल जळायला हवा कमी लागत असल्यानं त्याच जेटवर मिश्रण आणखी थोडं कोरडं पडतं. जेट कमी करण्याचा सल्ला माझा होता. मे महिन्यापुरता तो बरोबर होता, आणि तो फक्त मे महिन्यापुरता आहे हे मी त्याला सांगितलं नाही.

रस्त्याचा प्रश्न

हा पाइप रस्त्यावर चालवायचा की नाही, याचा निर्णय आम्ही खरं तर घेतलाच नव्हता. डब्यामुळे आवाज कमी झाला, गावात कुणी हरकत घेतली नाही, आणि विषय तसाच राहिला. कायदा मात्र स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे आवाजाची किंवा प्रदूषणाची मानकं मोडणारी गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवली, तर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी जातं. ८० ते १७५ सीसीच्या नव्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल आहे. मोबाइलच्या ॲपवर मोजून आम्ही स्वतःचं समाधान करून घेत होतो, पण त्या मोजणीला कायद्यात काही किंमत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी पहाटेच्या वेळी झोपलेल्या गावांतून हा आवाज नेणं मला पटत नाही. त्या गावांत तान्ही लेकरं आहेत, दवाखान्यातून घरी आणलेली म्हातारी माणसं आहेत. हे मी मे महिन्यातच ठामपणे बोलायला हवं होतं. चहा पिऊन निघून आलो.

पुन्हा उभं करताना

सिलिंडर यवतमाळला नेऊन पुढच्या मापाला बोअर केलं, नवा पिस्टन, नव्या रिंगा. खर्च पोरानं कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी करून भरला. मी निम्मा देतो म्हटलं तर त्यानं घेतला नाही.

रस्त्यासाठी कंपनीसारखा बंद सायलेन्सर आणला, त्यावर कंपनीचाच जेट. बारा महिने तोच. घरचा पाइप आता फक्त त्यांच्या पडीत वावरात, सुट्टीच्या दिवशी लागतो. मिस्त्रींनी त्यासाठी दुकानात भिंतीला खुंटी ठोकली आहे. ज्या दिवशी त्यांनी ती ठोकली, त्या दिवशी पत्रा वाया गेल्याची तक्रार संपली.

काय वेगळं करता आलं असतं

मापाआधी वापर विचारायला हवा होता. गाडी कुठं चालणार, कोणत्या महिन्यात, किती वेळ मूठ पिळून, हे ठरलं असतं तर रस्त्याचा प्रश्नही तेव्हाच सुटला असता.

जेट ठरवताना बदामी रंगावर थांबलो, त्याऐवजी एक पायरी मोठ्यावर थांबायला हवं होतं. मे महिन्यात गाडी किंचित जड चालली असती, एवढंच. शिकवताना मी हे फळ्यावर लिहितो, "थोडं जास्त पेट्रोल खिशाला लागतं, थोडं कमी पेट्रोल पिस्टनला." त्या दुपारी गाडीची ओढ पाहून माझाच मोह आवरला नाही.

नवं इंजिन बसल्यावरही पोरगा पहिल्या ५०० किलोमीटरांत मूठ न पिळता राहील का, याची मला काळजी होती. तो राहिला. किलोमीटरचा आकडा रोज खडूनं दुकानाच्या दारावर लिहीत होता.

आता सीटखाली एक जुनी तंबाखूची डबी आहे. तिच्यात चिंधीत गुंडाळलेले दोन जेट. एकाला लाल दोरा, एकाला पांढरा. झाकणाच्या आतून त्यानं खिळ्यानं कोरलं आहे: "दिवाळीले मोठा, होळीले लहान." या दिवाळीत मी गेलो तेव्हा घरचा पाइप चढवून लाल दोऱ्याचा जेट लावलेला होता. त्यानं दोन धावा मारल्या, प्लग खोलला आणि माझ्या हातात दिला. बदामीहून थोडा गडद होता. "राहू दे का असाच?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं.